रत्नागिरीतील एक स्मरणशक्ती वर्ग : शुल्क कशाचे आणि मिळाले काय

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या नववीत जाणाऱ्या मुलाला रत्नागिरी शहरातील एका खासगी ‘स्मरणशक्ती व एकाग्रता विकास वर्गा’त घातले होते. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास, अशी एकूण अठरा सत्रे आणि शुल्क ८,४०० रुपये. वर्गाचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही, कारण ज्या त्रुटींविषयी मला बोलायचे आहे त्या या एका वर्गाच्या नाहीत. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत अशा वर्गांची जी पत्रके वर्तमानपत्रातून घरी येतात, त्या बहुतेकांवर तीच वाक्ये असतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात सोळा वर्षे मानसशास्त्र शिकवत आहे. त्यामुळे संचालकांची परवानगी घेऊन सात सत्रे मागच्या बाकावर बसून पाहिली, मुलाच्या वह्या वाचल्या, वर्गाआधी आणि वर्गानंतर घरी त्याच्या काही साध्या चाचण्या घेतल्या, आणि त्या सगळ्याच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

सोयींविषयी तक्रार नाही. जागा स्वच्छ आणि हवेशीर होती, बावीस मुलांना दोन शिक्षक होते, शिकवणे मराठीत होते, आणि एकाही मुलाला ओरडताना मी कोणाला पाहिले नाही. शुल्क मात्र एकरकमी भरावे लागते, आणि अर्ध्यावर सोडल्यास परत मिळत नाही.

पहिली सहा सत्रे ‘स्थानपद्धती’ला दिलेली होती आणि वर्गाचा सर्वांत भक्कम भाग तोच होता. प्रत्येक मुलाने आपल्या ओळखीच्या वाटेवरील वीस ठिकाणे क्रमाने ठरवायची आणि लक्षात ठेवण्याची एकेक गोष्ट त्या एकेका ठिकाणी मनातल्या मनात नेऊन ठेवायची, अशी ही पद्धत. आमच्या मुलाने रत्नागिरीहून पावसला आजोबांकडे जाणारी वाट निवडली, कारण ती त्याला डोळे मिटूनही दिसते. शिक्षकांनी मूलद्रव्यांचा क्रम दिला होता. त्याने भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी हायड्रोजनचा फुगा बांधला, पुलाच्या मध्यावर हेलियमचा, सुरूच्या बनात लिथियमची मोबाइलची बॅटरी पुरली, आणि असे करत करत नारळ संशोधन केंद्राच्या फाटकाशी पोचला तेव्हा सहावे मूलद्रव्य कार्बन आले, तर तेथे त्याने करवंट्यांच्या कोळशाचा ढीग रचला. झरी विनायकाच्या देवळापाशी काय ठेवले होते हे मी त्याला आजही विचारले तर तो क्षणभर थांबून, बसच्या खिडकीतून बाहेर पाहावे तसे पाहतो आणि ‘नायट्रोजन’ म्हणतो. वीस मूलद्रव्ये त्याने तिसऱ्या सत्रात सरळ आणि उलट, दोन्ही क्रमांनी न अडखळता म्हणून दाखवली. वर्गातील बहुतेक मुलांना हे जमले, आणि स्वतःला ‘ढ’ समजणाऱ्या दोन मुलांचे चेहरे त्या दिवशी मी पाहिले आहेत. तो आनंद खरा होता, आणि त्याचे श्रेय शिक्षकांना मनापासून दिले पाहिजे.

ही पद्धत जुनी आहे. तिचे मूळ परंपरेने प्राचीन ग्रीक कवी सिमोनिडीज याच्याकडे नेले जाते. आपल्याकडे घनपाठी वैदिकांची शब्दांच्या उलटसुलट जोडणीची शिस्त आणि एकाच वेळी अनेकांच्या प्रश्नांचे अवधान राखणाऱ्या शतावधानींची कला यांची बैठक वेगळी आहे, पण स्मृतीला आधार द्यायचा तर तिला रचना द्यावी लागते, हे दोन्हीकडे ओळखले गेले होते. आधुनिक प्रयोगांतही स्थानपद्धती टिकली आहे. २००३ साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी जागतिक स्मृतिस्पर्धांतील अव्वल स्पर्धकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची बुद्धी किंवा मेंदूची रचना असामान्य आढळली नाही. आढळली ती ही ठिकाणांवर माहिती ठेवण्याची सवय. २०१७ साली मार्टिन ड्रेसलर यांच्या गटाने पूर्वी कधीही असे प्रशिक्षण न घेतलेल्या तरुणांना रोज अर्धा तास याप्रमाणे सहा आठवडे हीच पद्धत शिकवली, आणि ७२ शब्दांच्या यादीतील सरासरी २६ शब्द आठवणारी ती माणसे ६२ शब्दांपर्यंत पोचली. तेव्हा पहिल्या सहा सत्रांत जे शिकवले गेले ते संशोधनाच्या कसोटीला उतरलेले आहे, यात मला शंका नाही.

अडचण पत्रकापासून सुरू होते. पत्रकावर लिहिले आहे, ‘सहा आठवड्यांत स्मरणशक्ती तिप्पट’. या वाक्यात स्मरणशक्ती ही जणू दंडाच्या स्नायूसारखी एकच एक वस्तू आहे, कशावरही व्यायाम केला तरी ती फुगते आणि मग कोणतेही ओझे उचलते, असे गृहीत धरलेले आहे. शंभराहून अधिक वर्षे मानसशास्त्रज्ञ नेमके हेच तपासत आले आहेत, आणि उत्तर सातत्याने प्रतिकूल आले आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःवरच केलेला प्रयोग नोंदवला आहे : त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी पाठ केल्या, त्याला सुमारे १३२ मिनिटे लागली, मग ३८ दिवस मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग पाठ करून स्मृतीला ‘तालीम’ दिली, आणि ह्यूगोच्याच पुढील १५८ ओळी घेतल्या, तर त्यांना १५१ मिनिटांहून अधिक वेळ लागला. ते त्या वेळी थकलेले होते असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे, पण तालमीचा लाभ झाला नाही हेही लिहिले आहे.

याहून डोळ्यांत भरणारे उदाहरण पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील आहे. तेथे अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी एका सर्वसाधारण विद्यार्थ्याला सुमारे वीस महिने, एकूण २३० तासांच्या आसपास, सेकंदाला एक या गतीने अंक वाचून दाखवले आणि त्याच क्रमाने म्हणायला लावले. सुरुवातीला त्याला सातच अंक जमत, शेवटी ७९ जमू लागले. हा विद्यार्थी लांब पल्ल्याचा धावपटू होता आणि तो अंकांचे गट करून त्यांना शर्यतींच्या वेळा समजत असे; ३४९२ हा त्याच्यासाठी एक मैल धावण्याचा ३ मिनिटे ४९.२ सेकंदांचा वेळ होता. पण त्याला अंकांऐवजी अक्षरे वाचून दाखवली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. १९८० साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि या वेळी तो मला माझ्याच स्वयंपाकघरात पाहायला मिळाला. वर्गाला जाण्यापूर्वी मुलगा सात अंक म्हणू शकत होता, वर्ग संपल्यावर अठरा. त्याच संध्याकाळी मी ‘क, त, म, ळ, भ, र’ अशी सुटी अक्षरे वाचली, तर तो आधी सहावर अडत होता तो सहावरच अडला. तो जरा नाराज झाला आणि म्हणाला, “आई, अक्षरांची सवय नाही केली आम्ही.” एका मुलावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला कळते, पण त्याचे ते वाक्य मात्र अगदी नेमके होते.

संगणकीय खेळांतून मेंदूला दिलेल्या व्यायामाचेही असेच आहे. २०१० साली ॲड्रियन ओवेन यांच्या गटाने ११,४३० प्रौढांना सहा आठवडे असे खेळ खेळायला दिले. खेळांत त्यांची प्रगती झाली, पण त्या खेळांशी अगदी जवळच्या असलेल्या इतर कामांतही ती उतरली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली ल्युमोसिटी या खेळसंचाच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. आपल्याकडच्या गावपातळीवरील वर्गांवर असे कोणाचे लक्ष नसते, म्हणून पालकांनीच पत्रकातील शब्द तोलून पाहायला हवेत.

भिंतीवरच्या दोन तक्त्यांविषयी थोडेसे. एकावर ‘एबिंगहाउसचा नियम : माणूस २४ तासांत ८० टक्के विसरतो’ असे लिहिले होते. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली जे मांडले ते एकाच माणसाच्या, म्हणजे स्वतःच्या, आणि अर्थहीन अक्षरसमूहांच्या स्मृतीविषयी होते. आणि त्यांनी मोजली ती विसरलेली टक्केवारी नव्हे, तर तीच यादी पुन्हा शिकताना किती कष्ट वाचतात ती बचत. एका दिवसानंतर ती सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतरही सुमारे २१ टक्के होती. म्हणजे पुसले गेले असे ज्याला आपण म्हणतो त्यातलेही बरेच महिनाभर आत शिल्लक असते, हा त्या आलेखाचा अधिक मोलाचा अर्थ, आणि परीक्षेला घाबरलेल्या मुलांना तोच सांगायला हवा होता. दुसऱ्या तक्त्यावर ‘मेंदूत एका वेळी सातच गोष्टी मावतात’ असे होते. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो प्रसिद्ध लेख सुटे तुकडे आणि त्यांचे गट यांतील फरकाविषयी आहे, आणि नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार गट करण्याची संधी नसेल तर हा आकडा चारच्या जवळ येतो.

एकाग्रतेच्या सहा सत्रांविषयी मात्र मला अधिक लिहिणे भाग आहे, कारण तेथे माहिती चुकीची दिली गेली आणि तिचा मुलांच्या मनावर परिणाम झाला. एका सत्रात मुलांना डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगातील चित्रफीत दाखवली. पांढऱ्या कपड्यांतील खेळाडूंनी एकमेकांकडे टाकलेले चेंडू मोजायचे असतात, आणि मोजणी चालू असताना गोरिलाच्या वेशातील एक व्यक्ती मध्यभागी येऊन, छाती बडवून निघून जाते. मूळ प्रयोगात साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नव्हती. आमच्या वर्गातही बावीसपैकी तेरा मुलांना दिसली नाही, आणि शिक्षक म्हणाले, “पाहा, तुमचे लक्ष किती कच्चे आहे.” मागच्या बाकावर मला फार वाईट वाटले. त्या तेरा मुलांनी सांगितलेले काम चोख केले होते, चेंडू बरोबर मोजले होते, आणि लक्ष एका गोष्टीवर नीट लागले की दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, हेच तर त्या प्रयोगाने दाखवले. लक्ष ही निवड आहे, आणि निवडीला किंमत असते. मोटारसायकल चालवताना फोनवर बोलणाऱ्या माणसाला समोरची एसटी का दिसत नाही, हे समजावण्यासाठी याहून चांगले साधन नाही, आणि निवळीच्या घाटातून रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या वडीलभावांच्या या धाकट्यांना ते समजायला हवे होते. त्याऐवजी तेरा मुले आपले लक्ष कमकुवत आहे असा समज घेऊन घरी गेली. मी सत्र संपल्यावर शिक्षकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतले, पण पुढच्या सत्रात दुरुस्ती केली नाही.

रंगांच्या तक्त्याचा सरावही असाच. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ हा पिवळ्या शाईत, आणि मुलांनी शाईचा रंग सांगायचा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली वर्णिलेली ही अडखळ आहे, आणि सरावाने ती कमी होते हेही स्ट्रूप यांनी त्याच लेखात दाखवले होते. सहा सत्रांत मुलांचा वेळ निम्म्यावर आला, तो आलेख पालकांना ‘एकाग्रतेतील वाढ’ म्हणून देण्यात आला. तो तक्त्यातील वाढीचा आलेख होता. रोज दहा मिनिटे भिंतीवरील काळ्या बिंदूकडे पाहत बसण्याने मुले शांत होत असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. परंतु एकाच कामावर दीर्घकाळ लक्ष ठेवले की ते ढळतेच, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या कामावरून बेतलेल्या प्रयोगात १९४८ सालीच दाखवले आहे. घड्याळाच्या काट्याची अधूनमधून होणारी दुहेरी उडी टिपण्याचे काम होते, आणि पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागल्या होत्या. ती शिस्तबद्ध, प्रौढ माणसे होती. चौदा वर्षांच्या मुलाने सलग तीन तास अभ्यास केला नाही म्हणून त्याला एकाग्रतेच्या वर्गाला घालू नये, मध्ये दहा मिनिटे अंगणात जाऊ द्यावे, असे मी पालकांना सांगेन.

आता जे शिकवलेच गेले नाही त्याविषयी. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा पुराव्यानिशी आढावा घेतला. त्यात दोनच पद्धतींना सर्वोच्च श्रेणी मिळाली : पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणे, आणि अभ्यास दिवसांत अंतर ठेवून विभागणे. वाक्यांखाली रेघा मारणे आणि पुन्हापुन्हा वाचणे तळाच्या श्रेणीत गेले, आणि शब्दाला शब्द जोडून लक्षात ठेवण्याची युक्तीही त्याच श्रेणीत गेली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग तर प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावा असा आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारले तर चित्र उलटले, ४२ विरुद्ध ५६ टक्के. रात्री वाचले आणि सकाळी परीक्षा दिली तर वाचणे पुरे वाटते, आणि म्हणूनच मुले आणि पालक दोघेही त्यावर विश्वास ठेवतात. अठरा सत्रांत या दोन गोष्टींना एक ताससुद्धा मिळाला नाही. त्यांना साहित्य लागत नाही, पुस्तक मिटावे लागते एवढेच. कदाचित म्हणूनच त्यांचा वर्ग निघत नसावा. आम्ही जूनपासून घरी ते सुरू केले आहे : विज्ञानाचा धडा वाचून झाला की वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून लाल शाईने भर घालायची, आणि चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद. पहिल्या कागदांवर लालच जास्त असते आणि मुलाला ते आवडत नाही, पण चौथ्या दिवशीच्या कागदावर निळी शाई वाढलेली त्याला स्वतःला दिसते.

शेवटच्या सहा सत्रांचे ब्रीद वर्गाच्या दाराशीच लिहिलेले होते : ‘जे जाणीवपूर्वक नोंदवले नाही, ते शिकलेच नाही.’ या वाक्याशी माझा सर्वांत मोठा मतभेद आहे, आणि तो पुस्तकी नाही. ज्या आठवड्यात हे वाक्य मुलाने वहीत लिहून आणले, त्याच आठवड्यात आम्ही पावसला बागेत होतो. आंबे काढण्याची घाई होती, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवलेला माल पडवीत येत होता आणि माझे सासरे, तात्या, गोणपाटावर बसून निवड करत होते. ते आंबा उचलतात, तळव्यात अर्धा वळसा देतात, अंगठा देठाजवळच्या खांद्यावरून एकदा फिरतो, आणि तो आंबा तीनपैकी एका ढिगात जातो : लगेच आढीत घालायचा, लांबच्या पेटीत भरायचा, की बाजूला ठेवायचा. एका आंब्याला दोन सेकंदही लागत नाहीत. मुलाने विचारले, “आजोबा, कसं ओळखता?” त्यांनी खांदे भरलेले असावेत, रंग थोडा निवळलेला असावा, असे काही सांगून पाहिले, मग हातातला आंबा त्याच निकषांवर बसत असूनही बाजूला टाकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “अगो, ते हाताला कळतं.” त्यांनी बाजूला टाकलेल्यांतील सहा आंबे मी मुद्दाम वेगळे ठेवले आणि पिकल्यावर कापले, चारांत साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि न पिकलेला, निघाला.

या ज्ञानाला मानसशास्त्रात अव्यक्त अध्ययन म्हणतात, आणि त्याचा अभ्यास स्मरणतंत्रांच्या अभ्यासाइतकाच गंभीर आहे. आर्थर रेबर यांनी १९६७ साली माणसांना अक्षरांच्या माळा पाठ करायला दिल्या. त्या माळा एका गुप्त नियमावलीने बनवल्या होत्या, हे पाठ करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. नंतर नव्या माळा दाखवून नियमात बसणाऱ्या ओळखायला सांगितले, तेव्हा त्यांनी नुसत्या अंदाजाने येतील त्याहून कितीतरी जास्त बरोबर ओळखल्या, पण नियम कोणते हे त्यांना नीट सांगता आले नाही. त्याहून पूर्वीची गोष्ट हेन्री मोलायसन यांची. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नवीन आठवणी साठवता येईनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला, आणि प्रत्येक दिवशी हे काम आपण पूर्वी कधी केले होते हे त्यांना आठवत नव्हते. नोंद नव्हती, शिकणे मात्र झाले होते. आपल्या गावांत गणपतीत जाखडी नाचणारी मुले पायात चाळ बांधून मोठ्यांच्या मागे उभी राहतात, कोणी त्यांना पावले मोजून देत नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती फेऱ्यात बिनचूक फिरतात. त्यांना नोंदवही नसते म्हणून ती शिकली नाहीत असे कोण म्हणेल?

मात्र येथेही उलट टोकाला जाऊ नये. मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी १९८७ साली चार दिव्यांच्या ठरावीक क्रमाला कळ दाबून प्रतिसाद देण्याचा प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेले रुग्णही तो क्रम नकळत शिकले. पण निरोगी माणसांना त्याच वेळी आवाज मोजण्याचे दुसरे काम दिले, तेव्हा ते शिकणे जवळजवळ थांबले. नकळत शिकायलाही लक्ष तेथे असावे लागते. हातात फोन घेऊन आजोबांशेजारी बसलेल्या मुलाच्या हाताला आंबा कळणार नाही. आणि हाताला कळते ते शब्दांत कधीच येत नाही असेही नाही : आयर्विंग बीडरमन आणि मार्गारेट शिफ्रार यांनी १९८७ साली कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांचे लिंग ओळखणाऱ्या तज्ज्ञाशी बोलून नेमके कोठे आणि काय पाहायचे याची छोटी सूचनापत्रिका बनवली, आणि ती वाचून छायाचित्रे ओळखणाऱ्या नवख्यांची अचूकता ६० टक्क्यांच्या आसपासवरून ८४ टक्क्यांवर गेली. म्हणून मी मुलाला तात्यांच्या शेजारी वही घेऊन नव्हे, तर टोपली घेऊन बसवले. आधी त्याने आंबा कोणत्या ढिगात जाईल ते बोलायचे, मग तात्यांनी हलवायचा. मेअखेर दहांतील सात तो बरोबर सांगू लागला होता. ही अठरा सत्रांतील कोणत्याही सत्राइतकीच खरी शिकवणी होती, आणि वर्गाच्या दारावरचे वाक्य तिला शिक्षण मानत नाही.

मुले ‘दृश्य’, ‘श्राव्य’ किंवा ‘कृतिशील’ यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत हे ठरवणारी एक प्रश्नावलीही वर्गात भरून घेतली गेली. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात अशा वर्गवारीनुसार शिकवण्याला पुरेसा आधार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ती प्रश्नावली बंद करावी.

वर्ग संपल्यावर मी ही सगळी निरीक्षणे लिहून संचालकांना दिली. त्यांनी ती वाचली आणि मला बोलावून घेतले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं पटतं मला. पण पत्रकावर ‘क्रमाने लक्षात ठेवायची माहिती पाठ करण्याचं तंत्र’ असं लिहिलं, तर कोण पालक येईल?” मी म्हणाले, “सर, सनावळ्या, मूलद्रव्ये, राज्यघटनेतील कलमे, संस्कृतची रूपे, असं लिहा. पालकांना ते लगेच कळेल, आणि तुम्ही ते खरंच देता.” त्यांनी विचार करतो असे सांगितले. गणपतीच्या आधी आलेल्या नव्या पत्रकावर ‘तिप्पट’ हा शब्द नव्हता. ‘अफाट’ हा होता.

पालकांसाठी माझे मत असे आहे. मुलाला याद्या, क्रम, सनावळ्या यांची भीती वाटत असेल तर पहिली सहा सत्रे उपयोगाची आहेत, आणि ती शिकवण्यात हे शिक्षक कुशल आहेत. गणित समजत नाही, वाचलेले कळत नाही, अभ्यासात मन लागत नाही, या कारणांसाठी हा वर्ग लावू नये; त्या अडचणी येथे सुटणार नाहीत आणि सुटल्या नाहीत म्हणून मूल स्वतःला दोष देईल. मधली सहा सत्रे मी कोणालाच सुचवणार नाही. शेवटच्या सहांपैकी वाचनाच्या वेळापत्रकाचे एक सत्र बरे होते, बाकी आधीचीच उजळणी होती. प्रवेश घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : जे येथे सरावाला दिले जाते त्याखेरीज दुसऱ्या कशात मुलाची प्रगती झाली, हे तुम्ही कधी मोजले आहे का?

धाकट्या मुलीला दिवाळीच्या सुट्टीत पाठवायचे ठरले आहे. तिला संस्कृतची रूपे पाठ होत नाहीत. पूर्ण वर्गाऐवजी पहिली सहा सत्रेच लावता येतील का, असे मी विचारले होते. संचालकांनी होकार दिला आणि २,८०० रुपये घेऊन पावती दिली.